पहिल्या घोटापूर्वी

येत्या 29 ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळला जाईल आणि शिरस्त्याप्रमाणे साडेचार तासांच्या मुदतीची व गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनाची चर्चा होईल. ती व्हावयासच हवी. परंतु उशाशी बसलेल्या आप्ताने मायेपोटी रुग्णाच्या ओठांना लावलेल्या पाण्याच्या पेल्याविषयी कोणी अवाक्षर काढील असे वाटत नाही, म्हणून आज त्या पेल्याविषयीच लिहावयाचे आहे.

अर्धांगवायूच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. जिभेने घास मागे लोटावा, त्याच क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासनलिकेचे द्वार मिटावे आणि अन्ननलिकेचे तोंड उघडावे, हा सेकंदभरात उरकणारा व्यवहार विस्कळीत झाला की पाणी फुप्फुसांकडे वळते. ठसका लागला तर निदान सावध होता येते. पण घशातील संवेदनाच मंदावल्यामुळे कित्येकांना तोही लागत नाही, आणि पुढे न्यूमोनियाचा ताप चढतो तेव्हा त्याचा संबंध त्या पेल्याशी कोणी जोडीत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात सँडी मिडल्टन या परिचर्याशास्त्राच्या विदुषीने 19 पक्षाघात-कक्षांत जो प्रयोग केला, त्याचे मोल मला कोणत्याही नव्या औषधाहून अधिक वाटते. ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तीनच गोष्टींची जबाबदारी काही कक्षांतील परिचारिकांवर रीतसर सोपविली गेली. आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे नव्वद दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण तेथे 42 टक्के, तर इतर कक्षांत 58 टक्के भरले.

गेलेली शक्ती परत येते का? पुष्कळांची काही आठवड्यांत येते. मँचेस्टरच्या शाहीन हमदी यांनी 1990 नंतरच्या दशकात दाखविले की, गिळण्याचे नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धांत असले तरी सहसा एका बाजूचे वर्चस्व असते, आणि सुधारणा होते ती बहुधा निरोगी अर्धाने आपला अंमल वाढविल्यामुळे. मात्र नुसत्या प्रतीक्षेवर भिस्त ठेवून भागत नाही. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे, दुर्बळ बाजूकडे मान वळवून गिळणे, उताणे निजून खांदे न उचलता केवळ डोके उचलून पायांची बोटे पाहणे, असे व्यायाम आहेत. परंतु कोणाला कोणता मानवेल हे बेरियम मिसळलेला घास गिळतानाचे क्ष-किरण चलच्चित्र पाहून स्पीच थेरपिस्टने ठरवावयाचे असते. सरसकट सर्वांना पातळ पदार्थ दाट करून देण्याचा प्रघात मला पसंत नाही, कारण त्या बेचव पाण्याला कंटाळून रुग्ण पाणीच कमी पितो.

सर्व जिल्हा रुग्णालयांत असे तज्ज्ञ नेमण्यास काळ लागेल, हे मान्य. पण रुग्णाला नीट गिळता येते की नाही हे पाहण्याच्या प्राथमिक चाचणीसाठी परिचारिकेला प्रशिक्षण देण्यास कोणत्या मंजुरीची वाट पाहावयाची? आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढून, गिळण्याची तपासणी केव्हा झाली याची नोंद परिचारिकेच्या सहीनिशी केसपेपरवर झाल्यावाचून पाणी, चहा, पेज, इतकेच काय कुटून पाण्यातून द्यावयाची गोळीदेखील रुग्णाच्या तोंडात जाणार नाही, असा दंडक घालावा आणि तोवर सलाइनची व तोंडाच्या स्वच्छतेची तजवीज ठेवावी.