‘थेट’ म्हणजे केव्हा? : केबल दूरचित्रवाणी व स्ट्रीमिंग ह्यांविषयी काही भाषिक विचार

केबलद्वारा घरोघरी येणाऱ्या दूरचित्रवाणीचे दिवस संपले, असे अलीकडे वारंवार म्हटले जाते. आणि त्यास आधार नाही असेही नाही. अमेरिकेतील नीलसन ह्या मापनसंस्थेच्या मे २०२५ च्या पाहणीत, तेथील प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी-संचापुढे घालविलेल्या एकूण वेळापैकी ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगच्या वाट्यास आला. केबलचा वाटा २४.१ टक्के व परंपरागत प्रक्षेपणाचा २०.१ टक्के होता. म्हणजे ह्या दोहोंची बेरीजही स्ट्रीमिंगहून किंचित कमीच भरली. भारतात चित्र इतके एकरंगी नाही, तरी केबलच्या वर्गणीदारांची संख्या येथेही उतरणीस लागली आहे. ह्या घटनेचा आर्थिक विचार पुष्कळांनी केला आहे व तो आमच्या अधिकाराबाहेरचा आहे. प्रस्तुत लेखात एका निराळ्याच अंगाने ह्या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे. ‘थेट प्रक्षेपण’ ह्या पदातील ‘थेट’ हा शब्द कोणत्या काळाविषयी बोलतो, आणि तो काळ केबलच्या तारेवर व स्ट्रीमिंगच्या प्रवाहात सारखाच राहतो काय, हा तो प्रश्न होय.

कार्ल ब्यूलर ह्याने १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, भाषेतील दर्शक शब्दांचा उगम ‘मी – येथे – आता’ ह्या एका बिंदूपाशी असतो. समोरासमोरच्या संभाषणात हा बिंदू वक्ता व श्रोता ह्या दोघांनाही उपलब्ध असतो. पत्रात तसे नसते. पत्र लिहिणाऱ्याचे ‘आज’ हे वाचणाऱ्याचे ‘आज’ नव्हे. चार्ल्स फिलमोर ह्यांनी पुढे ह्यासाठी दोन काळ वेगळे मानले. त्यांस आपण उक्तिकाल व ग्रहणकाल असे म्हणू. नभोवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्या थेट प्रक्षेपणाची खरी किमया ही की, वक्ता शेकडो कोस दूर असूनही हे दोन काळ पुन्हा एकत्र आले. आणि ते एकाच श्रोत्यापुरते नव्हे, तर लक्षावधी श्रोत्यांसाठी एकाच वेळी.

क्रीडावृत्ताच्या भाषेत ह्याचा परिणाम फार स्पष्ट दिसतो. चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी १९८३ मध्ये इंग्रजी क्रीडासमालोचनाच्या वाक्यरचनेचे जे विश्लेषण केले, त्यात साध्या वर्तमानकाळाचा वापर व कर्त्याचा लोप ही लक्षणे ठळकपणे नोंदविली आहेत. मराठीचा प्रकार थोडा वेगळा आहे. बाळ ज. पंडित ह्यांच्या नभोवाणीवरील समालोचनामुळे मराठी श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्यांच्या कानांस ही भाषा परिचित झाली. गोलंदाज धावत येत असतो तोपर्यंत मराठी समालोचक वर्तमानात बोलतो. पण निर्णायक क्षणी तो बहुधा ‘ल’-प्रत्ययान्त रूपाकडे वळतो : ‘मारला’, ‘उडाला’, ‘गेला सीमेपार’. शालेय व्याकरणात आपण ह्यास भूतकाळ म्हणतो खरे. परंतु मुळात कृदन्तापासून आलेल्या ह्या रूपाचा गाभा काळाहून क्रियेच्या पूर्णतेशी अधिक निगडित आहे. म्हणूनच ‘तुम्ही व्हा पुढे, मी आलोच’ असे जागचे न हलताही म्हणता येते, आणि फळीवरचे भांडे कलताच, ते जमिनीवर पोचण्याच्या आधी, घरातील कोणीतरी ‘पडलं, पडलं!’ असे ओरडते. घटना घडून गेली असे हे रूप तेथे सांगत नाही. ती आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण होत आहे असे सांगते. त्याला दोघांनी मिळून पाहिलेला क्षण लागतो. समालोचकाचा ‘गेला!’ हा ह्याच जातीचा.

आता तांत्रिक बाजू. उपग्रहमार्गे येणारी वाहिनी भूस्थिर उपग्रहापर्यंत, म्हणजे सुमारे ३५,७८६ किलोमीटर वर जाते व खाली येते. ह्या प्रवासास साधारण पाव सेकंद लागतो. सांकेतिकीकरण, केबलचालकाच्या केंद्रावरील प्रक्रिया व घरातील सेट-टॉप बॉक्स ह्यांत आणखी काही सेकंद जातात. हा विलंब शून्य नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, एका केंद्राशी जोडलेल्या सर्व घरांना तो जवळजवळ सारखाच असतो. स्ट्रीमिंगची घडण निराळी आहे. तेथे चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि प्रेक्षकाचे उपकरण असे काही तुकडे साठवून मगच चित्र दाखवू लागते. मध्येच जाळे मंदावले तर खंड पडू नये, हा त्यातील हेतू. त्यामुळे वीस, तीस, प्रसंगी त्याहून अधिक सेकंदांची पिछाडी पडते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. शिवाय केबलवर एकच संकेत कितीही घरांत पोचतो, तर स्ट्रीमिंगमध्ये बहुधा प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रत रवाना करावी लागते. म्हणून प्रेक्षक वाढतात तसा भार वाढतो. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने माइक टायसन व जेक पॉल ह्यांची मुष्टियुद्धाची लढत जगभर थेट दाखविली, तेव्हा अनेकांचे चित्र मध्येच अडकले. उलट १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारतातील एका स्ट्रीमिंग सेवेवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते, आणि ती व्यवस्था टिकली. तेव्हा भार पेलण्याचा प्रश्न असाध्य नाही. एककालिकतेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर केबल व वरच्या मजल्यावर भ्रमणध्वनी असेल, तर खालचा जल्लोष वर आधी ऐकू येतो; चेंडू मग टाकला जातो. वरच्या प्रेक्षकास समालोचकाचा ‘गेला!’ ऐकू येतो तेव्हा तो खराखुरा भूतकाळ झालेला असतो. रूप तेच, पण त्यातील सहदर्शनाचा अर्थ निघून गेलेला. व्याकरणाच्या दृष्टीने हा किरकोळ बदल नव्हे. (केबल व डीटीएच ह्यांतही काही सेकंदांचे अंतर पडते, हे मान्य केले पाहिजे; पण जल्लोष पुरता ओसरून जावा इतके ते क्वचितच असते.)

केबलचा हा गुण तिच्या सामाजिक घडणीशीही जुळणारा होता. मुंबईच्या इमारतींत १९८० नंतरच्या दशकात केबल आली ती एका व्हिडिओयंत्रावरून तार ओढून अनेक घरांत एकच चित्रपट दाखविण्यासाठी. उपग्रहवाहिन्या तिला पुढे, १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास, येऊन मिळाल्या, आणि कायद्याने तिची दखल १९९५ मध्ये घेतली. म्हणजे कायद्यास ठाऊक होण्यापूर्वीच ती एका जिन्यावरच्या बिऱ्हाडांची सामाईक वस्तू होती. ‘केबलवाला’ हा शब्द ‘दूधवाला’, ‘पेपरवाला’ ह्यांच्या पंक्तीस जाऊन बसला, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. स्ट्रीमिंगला असा ‘वाला’ नाही. किंबहुना त्या क्रियेला मराठीत अद्याप रुळलेला शब्दही नाही.

परंतु भाषेच्या बाबतीत पारडे नेहमी केबलकडेच झुकते असे समजू नये. इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ चे हक्क २०२२ मध्ये विकले गेले, तेव्हा भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीच्या हक्कांस २३,५७५ कोटी रुपये आले, आणि भारतासाठीच्या डिजिटल हक्कांच्या मुख्य संचास २०,५०० कोटी. पुढच्याच वर्षी डिजिटल हक्क घेणाऱ्यांनी सामने विनामूल्य दाखविले, व समालोचन बारा भाषांत दिले. त्यांत मराठी व भोजपुरीही होत्या. केबलवर प्रत्येक भाषेच्या वाहिनीस सामान्यतः स्वतंत्र जागा व स्वतंत्र खर्च लागतो. स्ट्रीमिंगमध्ये चित्र एकच ठेवून ध्वनी बदलता येतो. मराठी समालोचनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आज सामग्री मिळते ती ह्या मार्गाने अधिक. केबलने सर्वांना एकच क्षण दिला, पण तो पुष्कळदा हिंदीत दिला; आणि आमच्या मते हा तिचा मोठा दोष होय.

बातम्यांच्या बाबतीत केबलचा दावा दुबळा आहे. अनेक मराठी वृत्तवाहिन्या आपले प्रक्षेपण यूट्यूबवर विनामूल्य देतात, आणि मतमोजणीच्या दिवशी ‘आघाडीवर’ व ‘विजयी’ ह्यांतील अंतर तासांचे असते, सेकंदांचे नव्हे. मालिकांविषयी तर बोलावयासच नको. त्या थेट नसतातच. त्यांची नियत वेळ होती, आणि ती वेळही, वर्गणीदारांस काही भाग आधीच दाखविण्याच्या प्रथेमुळे, सैल झाली आहे.

प्रश्न गंभीर होतो तो सार्वजनिक हक्काच्या ठिकाणी. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचा संकेत खाजगी हक्कधारकांनी प्रसार भारतीस द्यावा लागतो. परंतु २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, हा संकेत प्रसार भारतीने आपल्या भूप्रक्षेपणावर व आपल्या डीटीएच सेवेवरच दाखवावा. केबलचालकांमार्फत तो जाऊ नये. ज्याच्या घरी केबल आहे त्यास दूरदर्शनची वाहिनी दिसते, पण सामना दिसेलच असे नाही. कायद्याची भाषा प्रक्षेपण व संकेत ह्यांची आहे. प्रत्येकाचा क्षण वेगळा असेल अशी कल्पना तिला नव्हती. समाजाचा ‘आता’ सर्वांस मिळावा असे वाटत असेल, तर तो कोणत्या तारेने येतो ह्याहून तो कोणास व केव्हा पोचतो, हे त्या भाषेत यावयास हवे.

विलंब कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. चित्राचे तुकडे आणखी लहान करून ते पूर्ण होण्याआधीच धाडण्याची पद्धत ॲपल कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केली. अशा पद्धती सर्वत्र रूढ झाल्या तर केबलचे हे वैशिष्ट्य उरणार नाही, आणि केबलसाठी अश्रू ढाळण्याचे कारण भाषाभ्यासकास तरी राहणार नाही. तोवर ह्या विभागातील विद्यार्थ्यांस एक सोपे काम करता येण्याजोगे आहे. एकाच सामन्याचे मराठी समालोचन केबलवर व स्ट्रीमिंगवर पाहणाऱ्या दोन गटांचे बोलणे, त्यांच्या संमतीने, घड्याळाच्या वेळेसह ध्वनिमुद्रित करावे, आणि दुसऱ्या गटात, निकाल आधीच कानी आल्यानंतर, ‘गेला’च्या जागी ‘गेलाय’, ‘गेला वाटतं’ अशी रूपे वाढतात की काय, ते मोजावे.