वाशिमच्या आकाशातील पाहुणे
कृत्रिम उपग्रह आणि उल्कावर्षाव : ओळख, वेळ आणि थोडे चिंतन

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. सूर्य मावळून तास-दीड तास झाला असेल. गुढ्या उतरल्या होत्या, गावोगावी माणसे अंगणात आणि गच्चीवर निवांत बसली होती. तेवढ्यात आकाशातून जळत्या निखाऱ्यांची एक रांगच सावकाश सरकत गेली. जळगाव, अकोला, बुलढाणा, नागपूर, चंद्रपूर अशा विस्तीर्ण पट्ट्यातील लोकांनी ती पाहिली. याच पट्ट्यात वाशिम जिल्हा वसलेला आहे. कोणी म्हणाले तारा तुटला, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी उल्कावर्षाव म्हणून मोकळे झाले. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी हे घडल्याने अनेकांच्या मनात शुभाशुभाची शंकाही डोकावली.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाचे एक धातूचे कडे येऊन पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पुढे अभ्यासकांनी उलगडा केला की, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा. वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरून तो वातावरणात शिरला आणि जळत जळत खाली आला. तो अपशकुन नव्हता, उल्काही नव्हती. ते माणसानेच वर पाठवलेले सामान होते.

आकाशातील प्रकाश ओळखता आला असता, तर त्या रात्रीचे भय कुतूहलात बदलले असते. ही ओळख करून घेण्यास दुर्बीण लागत नाही. दोन डोळे, थोडा अंधार आणि थोडा धीर एवढे पुरेसे आहे.

चार प्रकाश, चार चाली

विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यांत लाल-हिरवा रंग दिसतो, आणि पुष्कळदा आवाजही ऐकू येतो. कृत्रिम उपग्रह लुकलुकत नाही. एखादी चांदणी जागेवरून उठून शांतपणे चालू लागावी, तसा तो चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. उल्का मात्र क्षणाची सोबतीण. डोळे वळवेपर्यंत ती विझलेली असते. आणि अग्निबाणाचा अवशेष कोसळतो तेव्हा त्याचे अनेक तुकडे एकाच दिशेने, शेपट्या सोडत, सावकाश जातात. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते, तर असा अवशेष सुमारे ८ किलोमीटर वेगाने. म्हणूनच तो पुष्कळ वेळ दिसत राहतो.

अलीकडे आणखी एक दृश्य लोकांना चकित करते : मोत्यांच्या माळेसारखी एका ओळीत चालणारी ठिपक्यांची रांग. इंटरनेट सेवेसाठी सोडले जाणारे हे ‘स्टारलिंक’ उपग्रह. २०१९ पासून ते मोठ्या संख्येने सोडले जात आहेत. प्रक्षेपणानंतर पहिले काही दिवस ते जवळजवळ असतात, नंतर पांगतात.

सायंभोजनानंतरचा तास

उपग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो. जमिनीवर अंधार पडला तरी शेकडो किलोमीटर उंचीवर ऊन असते. ते ऊन उपग्रहाच्या अंगावर पडून आपल्याकडे परावर्तित होते. त्यामुळे उपग्रह पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयापूर्वीचा तास-दीड तास. मध्यरात्री बहुतेक जवळचे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात. कधी कधी चालता चालता मध्येच उपग्रह नाहीसा होतो. तो कोठे जात नाही, सावलीत शिरतो इतकेच.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांना हा तास आयताच मोकळा मिळतो. आजी-आजोबा, सुना, नातवंडे गच्चीवर एकत्र आली, तर दहा मिनिटांत एखादा तरी उपग्रह दिसण्याचा संभव असतो.

यांतील सर्वांत तेजस्वी पाहुणा म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. योगायोग असा की, अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला आणि या स्थानकाचा पहिला भाग त्याच वर्षी नोव्हेंबरात अवकाशात गेला. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी जवळपास २८,००० किलोमीटर वेगाने ते दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते. २०२५ च्या जून-जुलैत भारताचे शुभांशू शुक्ला याच स्थानकात राहून आले. ते आपल्या गावावरून कधी जाणार, हे नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या सेवेवर आधी कळते. पश्चिमेच्या बाजूने उगवून पूर्वेच्या बाजूला जाणारा तो ठिपका पाहताना मुलांना सांगावे : त्यात माणसे आहेत.

उल्कांचे पंचांग

तारा कधीच तुटत नाही. तारे सूर्यासारखे प्रचंड आणि अतिदूर आहेत. आपण ज्याला तुटता तारा म्हणतो, तो बहुधा वाळूच्या कणाएवढा खडा असतो. ८० ते १२० किलोमीटर उंचीवर हवेत शिरताना तो तापून उजळतो आणि संपतो. धूमकेतू आपल्या वाटेवर असे कण सांडत जातात. पृथ्वी दरवर्षी ठरावीक दिवशी त्या वाटा ओलांडते, तेव्हा उल्कावर्षाव होतो.

१२-१३ ऑगस्टचा ययाती उल्कावर्षाव प्रसिद्ध आहे. परंतु तो ऐन चातुर्मासात येतो आणि वऱ्हाडचे आकाश तेव्हा ढगांनी भरलेले असते. २१ ऑक्टोबरच्या सुमारास मृग नक्षत्राच्या दिशेने येणाऱ्या उल्का हॅलेच्या धूमकेतूची धूळ होत. १७ नोव्हेंबरच्या आसपास सिंह राशीतून येणाऱ्या उल्का दिसतात.

वाशिमकरांसाठी खरी पर्वणी मात्र १३-१४ डिसेंबरच्या रात्रीची. मिथुन राशीतून येणाऱ्या या उल्कांचा उगम धूमकेतूत नसून फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे. हिवाळ्याचे निरभ्र आकाश असते, रात्री नऊपासून पूर्वेकडे मिथुन रास वर चढू लागते आणि दोनच्या सुमारास ती जवळजवळ माथ्यावर येते. आदर्श अंधारात तासाला शंभराहून अधिक उल्का पडू शकतात, गावातून अर्थातच कमी दिसतात.

आधी पंचांगात तिथी पाहावी. शुक्ल पक्षाच्या आरंभी चंद्र लवकर मावळतो, कृष्ण अष्टमीनंतर तो मध्यरात्रीनंतर उगवतो. पौर्णिमेच्या आसपास मात्र निराशा पदरी येते. शेतावर किंवा गच्चीवर सतरंजी अंथरून, पांघरूण घेऊन उताणे पडावे. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ मोबाइल खिशातच राहू द्यावा.

शास्त्रातील उल्का

जैन परंपरेला उल्का अपरिचित नाही. स्थानांगसूत्रात आकाशाशी निगडित दहा अस्वाध्याय सांगितले आहेत, त्यांत उल्कापाताचा उल्लेख आरंभीच येतो. म्हणजे स्वाध्यायास बसलेल्या साधूंचे आकाशाकडेही लक्ष असे. दिगंबर परंपरेत भगवान अजितनाथ आणि भगवान अनंतनाथ यांच्या वैराग्याचे निमित्त उल्कापातच सांगितले आहे. एका क्षणी झळाळणारे दुसऱ्या क्षणी नाहीसे झाले आणि त्यातून अनित्यतेचा बोध झाला. तेथे उल्का अशुभ ठरली नाही, ती जागे करणारी ठरली. ‘तारा तुटला, कोणीतरी गेले’ म्हणून मुलांना घाबरवण्यापेक्षा हा प्रसंग सांगणे अधिक योग्य. ज्या जिल्ह्यातील शिरपूरच्या पार्श्वनाथांच्या नावातच ‘अंतरिक्ष’ आहे, तेथील मुलांनी अंतरिक्षाला भ्यावे कशाला?

दोन जबाबदाऱ्या

पहिली सावधगिरीची. आकाशातून पडलेली वस्तू हाताळू नये, घरी आणू नये. अग्निबाणाच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस वा तहसील कार्यालयास कळवावे.

दुसरी जबाबदारी व्यापारी कुटुंबांची विशेष आहे. दुकान बंद झाल्यावरही रात्रभर पेटत राहणारे फलक आणि झगमगते दिवे आकाशातील तारे पुसून टाकतात. शिवाय त्याच दिव्यांभोवती असंख्य पतंग आणि कीटक गिरक्या घेत प्राण सोडतात. दिव्याकडे ओढल्या जाणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हाही रात्रिभोजनत्यागामागचा एक विचार आहे. मग कुलूप लावल्यावर फलकाचा दिवा मालवणे, हा त्याच विचाराचा विस्तार होय. वीजबिल वाचते, जीवदया घडते, आणि वाशिम, कारंजा, रिसोडच्या गच्चीवर निजलेल्या एखाद्या नातवाला आकाशातली एक उल्का अधिक दिसते.