मिसफायरनंतर झडपांचे निदान : हेड उघडण्यापूर्वी काय विचारावे?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा दिवस मोटारीवाचून सुरू होत नाही. पण तिच्या इंजिनाशी आपला परिचय डॅशबोर्डवरील दिव्यापुरताच असतो. एके दिवशी गाडी थरथरू लागते, ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि गॅरेजमधून निरोप येतो : एका सिलिंडरमध्ये मिसफायर आहे, व्हॉल्व्ह गेलेला दिसतो, सिलिंडर हेड उघडावे लागेल. हा खर्च हजारो डॉलरांचा असू शकतो. निदान बरोबरही असेल. मात्र ते कोणत्या चाचण्यांवर आधारलेले आहे, हे जाणून घेतल्याशिवाय संमती देऊ नये.

सिलिंडरमधील इंधन व हवेचे मिश्रण नीट न जळणे म्हणजे मिसफायर. ज्वलनासाठी वेळेवर पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणातील मिश्रण आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. पिस्टन मिश्रण दाबत असताना इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असाव्या लागतात. त्यांपैकी एखादी जळली, वाकली किंवा तिच्या बैठकीवर काजळी साचली, की दाब निसटतो.

१९९६ पासूनच्या मोटारींना अमेरिकेत ओबीडी-२ ही स्वयंनिदान प्रणाली बंधनकारक आहे. पी०३०१ हा संकेत पहिल्या सिलिंडरचा, पी०३०२ दुसऱ्याचा. पी०३०० म्हणजे मिसफायर एकाच सिलिंडरपुरता मर्यादित नाही. हा संकेत दोष कोठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. म्हणून प्रथम स्वस्त शक्यता तपासाव्यात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असेल, तर संशयित सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवून पाहतात. मिसफायर कॉइलबरोबर सरकला, तर दोष कॉइलचा. स्पार्क प्लगचीही अशीच अदलाबदल करता येते. इंजेक्टरही तपासून घ्यावा.

दोष तरीही त्याच सिलिंडरमध्ये राहिला, तर कॉम्प्रेशन चाचणी करतात. येथे एका आकड्यापेक्षा सर्व सिलिंडरांची तुलना महत्त्वाची असते. सर्वांत कमी दाब सर्वाधिक दाबाच्या ७५ टक्क्यांहूनही खाली असेल, तर शंकेला जागा आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब लक्षणीय वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता अधिक. फारसा वाढला नाही, तर संशय झडपांवर किंवा हेड गॅस्केटवर जातो.

निर्णायक ठरते ती लीक-डाउन चाचणी. पिस्टन दाबाच्या फेरीत सर्वोच्च बिंदूवर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या छिद्रातून दाबाखालची हवा सोडतात आणि ती कोठून निसटते ते ऐकतात. सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस ऐकू आली, तर एक्झॉस्ट झडप दोषी. हवा आत घेण्याच्या मार्गातून आली, तर इनटेक झडप. ऑइल भरण्याच्या तोंडातून जास्त हवा आली, तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर बहुधा हेड गॅस्केट.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. कॉम्प्रेशन कमी, पण लीक-डाउन उत्तम, असे आढळले तर झडप नीट मिटते आहे, पण नीट उघडत नाही, असा अर्थ निघू शकतो. अशा वेळी झिजलेला कॅमशाफ्ट, रॉकर किंवा चुकलेले टायमिंग तपासावे. काही इंजिनांत झडपेची मोकळीक प्रमाणाबाहेर कमी झाल्याने ती पुरती मिटत नाही. ती वेळीच लक्षात आली आणि झडप जळलेली नसेल, तर समायोजन पुरते, हेड उतरवावे लागत नाही.

दिवा लुकलुकत असेल, तर निदानाचा विचार नंतर. आधी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, तो अतितप्त होतो आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात.

गॅरेजला तीन प्रश्न विचारावेत : कॉइल आणि प्लग बदलून पाहिले का? सर्व सिलिंडरांच्या दाबाचे आकडे काय आले? लीक-डाउनमध्ये हवा कोठून निसटली? ज्याने खरोखर तपासले आहे, त्याला उत्तरे देण्यास दोन मिनिटेही लागणार नाहीत. ती मिळाली नाहीत, तर हेड उघडण्यापूर्वी दुसऱ्या तंत्रज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे.