आज्ञा कोणाची?

अलिबाग-पनवेल पट्ट्यातल्या काही घरांत शनिवारी घाणा बंद असे. गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. पिढ्यानुपिढ्या त्यांच्यात हिब्रू वाचणारे कोणी नव्हते. ग्रंथ नव्हता, प्रार्थनामंदिर नव्हते. उरले होते ते शनिवारचे पाळणे, आठव्या दिवशीची मुलाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य आणि ‘शेमा’ ही प्रत्येक प्रसंगी म्हटली जाणारी एकच प्रार्थना. परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाच्या ज्यूने त्यांच्या बायकांना मासे रांधायला दिले, तेव्हा त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले आणि त्यावरून त्याला आपली माणसे ओळखू आली. कथेचा तपशील काहीही असो, त्यामागची समजूत खरी आहे: या समाजाची श्रद्धा आज्ञापालनाने जिवंत ठेवली.

मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले ते 1796 साली. त्यानंतर त्यांना हिब्रू शिकवायला पुढे आले ख्रिस्ती मिशनरी. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. मशीहा येऊन गेला, त्याच्यावर श्रद्धा ठेवा, हे विल्सन यांचे सांगणे. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, जुना करार मराठीत वाचला आणि बाप्तिस्मा जवळजवळ कोणीच घेतला नाही. मशीहाची वर्दी देणारा एलियाहू हन्नबी त्यांच्या घरी आजही मलिद्याच्या ताटाशी आठवला जातो. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे असे ते ताट. अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. येणाऱ्याची वाट पाहायची ती नेम पाळत, एवढे त्यांना पुरेसे होते.

श्रद्धा मोठी की आज्ञापालन, हा वाद अर्थातच कोकणातला नाही. नव्या करारात पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. पौल म्हणतो, अब्राहामाने विश्वास ठेवला म्हणून तो नीतिमान ठरला, तोही सुंतेच्या आधी. याकोब त्याच अब्राहामाला इसहाकाला वेदीवर ठेवताना दाखवतो आणि कृतीवाचून विश्वास मेलेला ठरवतो. आजचे मसीही ज्यू येशूला मशीहा मानून शब्बाथही पाळतात, म्हणजे दोघांनाही एका घरात नांदवू पाहतात. महाराष्ट्रात मात्र प्रश्न ‘श्रद्धा की आज्ञा’ असा राहिलाच नाही. इथे तो ‘आज्ञा कोणाची’ असा झाला, आणि तोच अधिक खरा आहे.

नाशिक शहरात शरणपूर रोड आहे. ज्या वसाहतीवरून हे नाव आले, ती चर्च मिशनरी सोसायटीने 1850च्या दशकात उभारली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टनचे शव घेऊन समुद्रापर्यंत चालला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. जातीबाहेर पडलेल्या नवख्रिस्त्यांना अशा वसाहतींत घर, शाळा, काम आणि शिस्त एकाच दारातून मिळे. ख्रिस्ताची आज्ञा कुठे संपते आणि साहेबाची कुठे सुरू होते, हे सांगणे मग अवघड होई.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंनी ही ओढाताण घरातच सोसली. पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवत. जात देवाने केलेली नाही, हे मनाला पटले तेव्हा सोवळे सुटले आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली आला. नवऱ्याची आज्ञा म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. टिळकांनी स्वतः 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या, पण बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. टिळक 1919 मध्ये गेले आणि दरबाराला उभे राहायला अवधीच मिळाला नाही, ही मराठी ख्रिस्ती जीवनाची मोठी हानी.

या सगळ्यांत धारदार प्रकरण पंडिता रमाबाईंचे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. दोनच वर्षांत दोघींच्या पत्रांतून ठिणग्या उडू लागल्या. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नको, असे त्या विचारत. मांसाहार त्यांनी पत्करला नाही. जेराल्डिनना हा अहंकार वाटे, चर्चपुढे न वाकणारी मान वाटे. रमाबाईंचे उत्तर असे, की भारतातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसरे चढवून घेण्यासाठी नव्हे. देवाचे वचन मी मानते, त्याचा अर्थ लावणाऱ्याचा हुकूम नव्हे. बाप्तिस्म्यानंतर इतक्या लवकर, परक्या देशात, ज्यांच्या आधारावर राहायचे त्यांनाच एका मराठी विधवेने हे सुनवावे, याला असामान्य बळ लागते. जेराल्डिन यांची काळजी खोटी नव्हती, पण न्याय रमाबाईंच्या बाजूने होता.

पुण्यात उलट्या दिशेने तेच घडले. रमाबाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. रमाबाईंनी त्यांचेही ऐकले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या, ते 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत. ज्या वचनाची आज्ञा पाळायची, ते मुळातून आपल्या डोळ्यांनी वाचायचे, हाच त्यांचा मार्ग होता.

आणि शनवार तेल्यांचे वंशज? इस्राएलमध्ये गेल्यावर 1962 साली तिथल्या मुख्य रब्बिनेटने, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठाने, विवाहनोंदणीसाठी त्यांच्या पूर्वजांची, जमेल तितकी मागे जाऊन, चौकशी करण्याचा आदेश काढला. ग्रंथाविना इतकी शतके आज्ञा पाळणाऱ्यांना, तुमच्या पणज्यांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले का, असे विचारले जाऊ लागले. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बिनेटने आदेशातून त्यांचे नाव काढले. ज्याच्या वंशाविषयी शंका असेल त्याची चौकशी करण्याचा अधिकार मात्र आपल्याकडेच ठेवला.