उत्पन्न थोडं, शिल्लक मोठी

कॅनडातल्या हडसन उपसागराच्या काठापासून फिनलंड, सायबेरियापर्यंत उत्तर गोलार्धाचा मोठा पट्टा पाणथळ आहे. विमानातून तो सगळा सारखाच दिसतो. जमिनीवर मात्र एका चौरस मीटरात वर्षाला किती वनस्पती वाढते, याचे आकडे जागोजागी कित्येक पटींनी बदलतात. हा फरक मुख्यतः पाणी कुठून येतं यावर ठरतो.

नद्या-तळ्यांच्या काठच्या ‘मार्श’मध्ये पुराच्या पाण्याबरोबर गाळ येतो आणि गाळाबरोबर नायट्रोजन, फॉस्फरस. आपल्याकडे तळ्यांच्या कडेला दिसणारं पाणकणीस तिथे दाट माजतं. चौरस मीटरमागे वर्षाला १ किलोहून अधिक सुका पाला-खोड तयार होणं ही तिथली नेहमीची गोष्ट. ‘स्वॅम्प’मध्ये झाडं असतात, त्यामुळे वाढीचा मोठा वाटा लाकडात जातो.

‘फेन’ला भूजल पोसतं. वाटेतल्या खडकांचे क्षार त्यात उतरलेले असतात आणि लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतींना ते मानवतात. पण पाणी चुनखडीतून आलेलं असेल, तर त्यातलं कॅल्शियम फॉस्फरसला बांधून ठेवतं. मग ऑर्किडसह अनेक जाती शेजारी शेजारी नांदतात, पण कुणीच फार फोफावत नाही.

सगळ्यांत गरीब ‘बॉग’. मेलेल्या वनस्पतींचा, म्हणजे पीटचा थर इतका उंच साचलेला असतो की भूजल वरच्या मुळांपर्यंत पोचत नाही. मिळेल ते पावसातून, बर्फातून आणि धुळीतून. इथे राज्य स्फॅग्नम शेवाळाचं. ते पाण्यातले क्षार शोषून आम्ल सोडतं, त्यामुळे पाण्याचा सामू ४ च्या आसपास उतरतो. नायट्रोजनच्या टंचाईवर ड्रॉसेरा ही वनस्पती कीटक पकडून मार्ग काढते. कास पठारावरच्या निकस मातीत तिचे भाऊबंद हाच उद्योग करतात. बॉगची वर्षाची वाढ चौरस मीटरमागे बहुधा काहीशे ग्रॅममध्ये आटोपते.

पण उत्पन्न वेगळं आणि शिल्लक वेगळी, हे पगारदार घराला सांगावं लागत नाही. मार्शमध्ये उगवलेलं बरंचसं लवकर कुजतं किंवा पुराबरोबर वाहून जातं. बॉगमधलं पाणी थंड, आम्लधर्मी आणि जवळजवळ प्राणवायूविना असतं. कुजवणारे जीवाणू तिथे मंदावतात, त्यात स्फॅग्नम मुळातच चिवट. वर्षाच्या वाढीतला साधारण दहावा हिस्सा न कुजता उरतो. पीटचा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर चढतो, पण हिमयुग सरल्यानंतरच्या हजारो वर्षांत तो कित्येक ठिकाणी अनेक मीटर जाड झाला आहे. जगातली सुमारे ३ टक्के जमीन पीटची आहे आणि मातीतल्या कार्बनचा जवळपास एक तृतीयांश साठा तिच्यात आहे. त्यातला बहुतांश उत्तरेत.

म्हणूनच बॉगची वाढ वाढवणं महागात पडतं. ओटावाजवळच्या मेर ब्ल्यू बॉगमध्ये संशोधकांनी खत घालून पाहिलं. झुडपं वाढली आणि त्यांच्या सावलीत, पाल्याखाली शेवाळ हरलं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बॉगचे तुकडे आजूबाजूपेक्षा ९ अंश सेल्सियसपर्यंत जास्त तापवले, तेव्हाही झुडपं फोफावली, स्फॅग्नम ओसरलं आणि साठा करणारी जमीन कार्बन गमावू लागली. उपग्रहाच्या चित्रात अशी जमीन उलट अधिक तजेलदार दिसू शकते. त्यामुळे बॉगची तब्येत तपासायची तर हिरवाईच्या आधी पाण्याची पातळी आणि शेवाळाचा थर मोजायला हवा.