विकल्या न जाणाऱ्या घराची किंमत : माकणी परिसरातील घरबाजाराचा वेध

घरांच्या खरेदी-विक्रीचे आणि किमतींचे प्रादेशिक कल तपासणारे अभ्यासक साधारणतः जेथे व्यवहार भरपूर होतात अशी शहरे निवडतात, कारण घराची किंमत प्रत्यक्ष झालेल्या सौद्यातूनच कळते आणि असे सौदे विपुल असतील तरच तिचा चढउतार विश्वासाने सांगता येतो. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाजवळ वसलेल्या माकणीसारख्या गावात ही पद्धत पहिल्याच पायरीवर अडते. या भागात घर बांधले जाते, भावांत वाटले जाते, पडते आणि पुन्हा उभे राहते, पण परक्याला विकले जाणे विरळाच. तरीही येथील घरांच्या किमतीला इतिहास आहे, दिशाही आहे, आणि ती दिशा ओळखण्यासाठी घराइतकेच घराभोवतीच्या जागेकडे, कागदपत्रांकडे आणि जवळच्या-दूरच्या शहरांकडे पाहावे लागते.

किमतींचा कल मोजण्याचे प्रमुख साधन म्हणजे निर्देशांक. एखाद्या वर्षाची पातळी शंभर मानून पुढील वर्षांच्या किमती तिच्या प्रमाणात मांडल्या, की वाढ किंवा घट एका आकड्यात दिसते. नुसती सरासरी काढून हे काम भागत नाही, कारण एका वर्षी मोठी घरे अधिक विकली गेली आणि दुसऱ्या वर्षी लहान, तर एकाही घराचा भाव न बदलता सरासरी खाली येते. हा दोष टाळण्यासाठी अमेरिकेत कार्ल केस आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात एकच घर दोन वेगवेगळ्या वेळी कितीला विकले गेले याची तुलना करणारी पद्धत रूढ केली. भारतात राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक सुरू केला आणि पुढे तो पन्नास शहरांपर्यंत नेला, तर रिझर्व्ह बँकेचा निर्देशांक अनेक वर्षे दहा शहरांपुरता होता आणि त्यांत महाराष्ट्रातील मुंबई हे एकच शहर होते. धाराशिव जिल्ह्यातील एकही गाव किंवा शहर या यादीत आलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि तिच्यातील केवळ सतरा टक्क्यांच्या आसपास लोक शहरांत राहत होते. म्हणजे जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांची सर्वांत मोठी स्थावर मालमत्ता देशाच्या कोणत्याही निर्देशांकात मोजली जात नाही.

विक्रीची संख्या आणि विक्रीची किंमत हे दोन कल एकत्रच चालतात असेही नाही. १ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्क, म्हणजे मालमत्तेच्या दस्तावर भरावा लागणारा कर, शहरी भागात पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणले आणि डिसेंबरअखेर मुंबई-पुण्यातील दुय्यम निबंधक कार्यालयांत दस्तनोंदणीसाठी रांगा लागल्या. व्यवहार वेगाने वाढले, पण भाव त्या वेगाने वाढले नाहीत, कारण ज्यांचे घर घेण्याचे आधीच ठरले होते त्यांनी केवळ तारीख अलीकडे आणली. माकणीच्या परिसरात याच्या नेमके उलट चित्र आढळते, कारण तेथे विक्री जवळपास शून्य राहूनही घरामागची जागा महाग होत जाऊ शकते.

विक्री विरळ असण्याचे कारण गावकऱ्यांना घराचे मोल नाही हे नसून घर हस्तांतरित होण्याच्या वाटा निराळ्या आहेत हे आहे. वडिलांचे घर भावांत वाटणीपत्राने विभागले जाते. नोकरीसाठी बाहेर गेलेला भाऊ किंवा सासरी नांदणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करून आपला हिस्सा गावातल्या भावासाठी सोडते. वडील हयातीतच बक्षीसपत्राने मुलाच्या नावे घर करतात, आणि जवळच्या नात्यातील अशा राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात अवघे दोनशे रुपये मुद्रांक शुल्क लागते. या तिन्ही दस्तांमध्ये घराचा धनी बदलतो, परंतु बाजारात ठरलेली किंमत कुठेच लिहिली जात नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, तेव्हापासून हक्कसोडपत्राचे महत्त्व वाढले. बहिणीने मोबदला न घेता सोडलेला हा हिस्सा ग्रामीण घरबाजारातील सर्वांत मोठी आणि सर्वांत अदृश्य रक्कम आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या प्रदेशात घराचे मोल एकदा मात्र अत्यंत कठोरपणे आणि एकाच वेळी हजारो कुटुंबांसाठी ठरवले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूर यांच्या परिसरातील गावे जमीनदोस्त केली आणि शासकीय नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. माकणी याच पट्ट्यात येते. तेथील जलाशयाच्या भाराचा भूकंपाशी संबंध असावा का, यावर भूशास्त्रज्ञांमध्ये दीर्घकाळ चर्चा झाली. भूकंपापर्यंत मराठवाड्यात घराचा मोठेपणा खणांत मोजला जाई, म्हणजे लाकडी खांबांच्या दोन ओळींमधील अवकाशात. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे माळवद, पुढे ढाळज आणि भिंतीलगत धान्याचे बळद अशी ही घरे उन्हाळ्यात थंड राहत आणि घराण्याची प्रतिष्ठा सांगत. जितके माळवद जाड तितके घर जुने आणि भक्कम मानले जाई. पिढ्यान्‌पिढ्या मातीचे थर चढत गेलेल्या त्याच माळवदाच्या ओझ्याखाली झोपेतली माणसे गाडली गेली. एका पहाटेत या घरांची किंमत केवळ शून्य झाली असे नाही, तर दगडी घर म्हणजे भीती हे समीकरण रुजले, आणि ज्या वाड्याला कधीकाळी मान होता तो पुढे वारसांना पाडून टाकावासा वाटू लागला.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, काही गावे मूळ जागीच पुन्हा बांधली गेली आणि दूरवरच्या लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्यात आले. नव्या गावांतील घरांचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असलेल्यांना ४०० चौरस फूट, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट. ज्याच्याकडे शेत मोठे त्याला अवजारांसाठी आणि धान्यासाठी जागा अधिक लागते, हा त्यामागील विचार समजण्यासारखा असला, तरी माणसे किती यापेक्षा शेत किती याला महत्त्व देणारी ही मोजणी न्याय्य म्हणता येत नाही. शेतमजुराच्या घरात सहा माणसे असू शकतात आणि बागायतदाराच्या घरात तीन. जुन्या गावातील विषमता त्यामुळे नव्या गावात चौरस फुटांत पक्की झाली. पुढे कुटुंबे वाढली, तेव्हा मोठ्या भूखंडांवरील मोकळ्या जागेत पत्र्याची सपरे, जास्तीच्या खोल्या आणि गोठे उभे राहिले. रुंद रस्ते आणि दूरदूरच्या घरांमुळे सुरुवातीला परकी वाटणारी ही गावे पुढे किमतीच्या दृष्टीने एका बाबतीत सरस ठरली, ती म्हणजे आखीव भूखंड आणि मोकळी जागा. जुन्या गावठाणातील, एकमेकांत गुंतलेल्या भिंतींच्या घरांना ही सोय मिळणे कठीण आहे.

प्रत्यक्ष पैशांचे व्यवहार होतात ते घरांचे नव्हे, भूखंडांचे. गावाबाहेर रस्त्यालगतच्या शेताचे तुकडे पाडून ते गुंठ्यांत विकणे, म्हणजे लोकभाषेत ‘प्लॉटिंग’, हा मराठवाड्यातील निमशहरी बाजाराचा गाभा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेती म्हणून एकराचा जो भाव असतो त्याच्या कितीतरी पट रक्कम तीच जमीन गुंठ्यांत विकल्यास हाती येते, आणि या फरकातच जमीनधारकाचा नफा आणि खरेदीदाराची जोखीम दोन्ही सामावलेली असतात. जोखीम अशासाठी, की जमीन अकृषिक, म्हणजे शेतीव्यतिरिक्त वापरासाठी अधिकृतरीत्या रूपांतरित झालेली नसेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या अडथळ्यांमुळे सातबाऱ्यावर एका गुंठ्याची स्वतंत्र नोंद होणे अवघड जाते. २००१ चा गुंठेवारी कायदा अशा अनधिकृत तुकड्यांना नियमित करण्यासाठी आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवण्यात आली. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन शेजारी भूखंडांचे भाव वेगळे असतात, आणि तो फरक मातीचा किंवा दिशेचा नसून केवळ कागदाचा असतो.

भूखंडांच्या भावाला वर-खाली ओढणाऱ्या शक्ती माकणीपासून दूर आहेत. पहिली लातूर. १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबादपासून वेगळा झालेला हा जिल्हा शिक्षणासाठी नावारूपाला आला आणि धाराशिव, बीड, नांदेडमधील शेतकरी कुटुंबांनी मुलांच्या अकरावी-बारावीसाठी तेथे खोली घेण्यापासून सुरुवात करून हळूहळू भूखंड आणि घरे घेतली. साखर कारखान्याचे उसाचे बिल किंवा सोयाबीनचा पैसा हाती आला, की गावातल्या माळवदाची डागडुजी करण्याऐवजी तो लातुरात गुंतवावा हा निर्णय अनेक घरांत होतो, त्यामुळे गावातील बचत गावाच्या घरबाजारात न राहता शहराच्या बाजारात जाते. दुसरी शक्ती रस्त्यांची : सोलापूर-हैदराबाद महामार्ग उमरग्यातून आणि रत्नागिरी-नागपूर महामार्ग तुळजापूर-औसा-लातूर असा जातो, आणि या दोन्हींच्या लगतच्या गावांचे भाव आतल्या गावांपेक्षा वेगळ्या गतीने चढतात. तिसरी शक्ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड. तेथे कामाला गेलेल्या तरुणाचे कर्जाचे हप्ते गावातील घरावर खर्च होऊ शकणारी रक्कम गिळतात.

पाण्याचा परिणाम मात्र उलट-सुलट आहे. धरण आणि त्याचे कालवे असलेल्या गावात शेतजमीन महाग होते, कारण ऊस घेता येतो. पण म्हणून घरही महाग होईलच असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, तेव्हा शहरातील भूखंडाच्या किमतीमागे पाण्याचा प्रश्न किती खोल आहे हे सर्वांना दिसले, तरी लातूरकडे जाणारा ओघ त्यानंतर थांबला नाही. शिक्षण आणि नोकरी यांची ओढ पाण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली, हे या भागाच्या घरबाजाराचे सर्वांत बोलके लक्षण आहे.

झालेल्या सौद्यांची नोंदही खरी किंमत पूर्णपणे सांगत नाही. नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी गावनिहाय वार्षिक बाजारमूल्य दर तक्ता, म्हणजे ‘रेडी रेकनर’, प्रसिद्ध करतो आणि शुल्क आकारताना खरेदीखतातील रक्कम व या तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल ते धरले जाते. परिणामी दस्तांतील रकमा बहुधा तक्त्याच्या आसपास गोळा होतात, प्रत्यक्ष सौद्यातील काही भाग इसाराच्या वेळी रोखीने दिला जातो आणि सरकारी आकडे म्हणजे बाजाराची सावली उरते. जेथे वर्षाकाठी मोजकेच दस्त होतात तेथे तक्ता ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोरही तुलनेसाठी पुरेसे व्यवहार नसतात. म्हणजे अपुऱ्या सौद्यांवरून तक्ता आणि तक्त्यावरून पुढचे सौदे, असे हे चक्र स्वतःभोवतीच फिरते.

ग्रामीण घराची किंमत दबून राहण्याचे आणखी एक कारण मालकीच्या पुराव्यात आहे. गावठाणातील बहुसंख्य घरांसाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हाच कागद असतो, पण तो मूलतः कर आकारणीचा असून मालकीहक्काचा निर्णायक पुरावा नाही, म्हणून बँका अशा घरावर कर्ज देताना हात आखडता घेतात. आणि ज्या घरावर कर्ज मिळत नाही ते घर विकत घेणारे गिऱ्हाईक संपूर्ण रक्कम रोख देऊ शकणारेच असावे लागते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून प्रत्येक घराला मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. मिळकत पत्रिका हातात आलेल्या गावांत घर तारण ठेवणे सुलभ होते, पण त्याचबरोबर सामायिक भिंती, बोळ आणि न्हाणीच्या पाण्याचे जुने वादही कागदावर येतात.

रिकाम्या घरांचा प्रश्न इतरत्रही आहे : जपानमध्ये २०२३ च्या गृहपाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली आणि तेथील अनेक ग्रामीण नगरपालिका ओस घरे नाममात्र दराने देण्यासाठी याद्या चालवतात. मराठवाड्यातील कुलूपबंद घरांची गोष्ट त्याहून वेगळी आहे, कारण येथे घर रिकामे असले तरी वारस सणाला, जत्रेला, लग्नकार्याला परततात आणि विकण्याचा विचार करत नाहीत. त्यामुळे एकाच गावात एकीकडे बंद घरे आणि दुसरीकडे घरासाठी जागाच नसलेली कुटुंबे असतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून घरकुल मंजूर होते, पण किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचे ते घर बांधायला स्वतःची जागा असावी लागते. अशा भूमिहीन लाभार्थ्यांसाठी राज्याच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा खरेदी करण्यास प्रारंभी पन्नास हजार रुपये आणि पुढे एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. रस्त्याकडेच्या प्लॉटिंगने गुंठ्याचा भाव जसा चढत जातो, तशी या रकमेत मिळणारी जागा गावापासून दूर सरकते, आणि त्या कुटुंबाला पाण्याची टाकी, शाळा व मजुरीचा नाका गाठण्यासाठी रोज अधिक चालावे लागते.