बर्मिंगहॅमचं रिव्हॉल्वर, खडकीचं काडतूस

जुन्या वस्तू जपणाऱ्यांवरच्या मालिकेत एक लेख हत्यारावर हवा, असं संपादकांचं म्हणणं पडलं. नाणी, घड्याळं, ग्रामोफोन आधीच झाले होते. काचेच्या कपाटात दहा-बारा रिव्हॉल्वरं मांडून बसलेला संग्राहक अमेरिकेत सहज भेटेल, महाराष्ट्रात भेटणार नाही. आपल्याकडे परवान्यावर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यामुळे इथे जुनं, नावाजलेलं रिव्हॉल्वर हौसेनं गोळा केलेलं क्वचितच असतं. ते बहुतेक वेळा वाट्याला आलेलं असतं, जमिनीसारखं आणि भाऊबंदकीसारखं.

असं एक कारेगावात आहे, असं कळलं. शिरूर तालुक्यातलं हे गाव रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. नगर रस्त्यावरून आत वळलं की कंपन्यांच्या बस, कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या चाळी, खानावळी आणि मध्येच टिकून राहिलेले उसाचे फड दिसतात. रिव्हॉल्वरचे मालक पंचाहत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही तेच म्हटलं. त्यांची पहिली अट होती, "नाव छापायचं न्हाई, घराची खूण बी न्हाई. पेपर चोर बी वाचत्यात." दुसरी अट रिव्हॉल्वर समोर आल्यावर कळली. "बघायचं, पर धरायचं न्हाई. परवाना माझ्या नावाचा हाय."

या भागाला हत्यारं नवी नाहीत. शेजारच्या घोडनदीला, म्हणजे शिरूरला, इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी तिथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेपुढे उभी ठाकली. त्या सैनिकांच्या बंदुका गारगोटीच्या ठिणगीवर चालत आणि एक बार झाला की पुन्हा भराव्या लागत. फिरत्या चक्रात पाच-सहा बार आधीच भरून ठेवायची युक्ती सॅम्युअल कोल्टनं पुढे १८३५ मध्ये इंग्लंडात आणि १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट करून घेतली. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार ही सरकारी मेहेरबानी ठरली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, पण परवाना मिळणं ही गावात प्रतिष्ठेची गोष्ट राहिली ती राहिलीच. आबांच्या वडिलांनी त्याच दशकात पुण्याच्या कॅम्पातल्या एका दुकानातून हे रिव्हॉल्वर घेतलं. रात्री-अपरात्री बैलगाडीनं बाजाराचे पैसे घेऊन यावं लागे, असं कारण अर्जात लिहिलं होतं. आबांच्या मते खरं कारण एवढंच, की शेजारच्या गावच्या पाटलाकडे तसंच एक होतं.

रिव्हॉल्वर आहे वेब्ली मार्क फोर, पॉइंट ३२ बोअरचं. नळीवर बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं नाव आहे. १८९७ मध्ये तीन जुन्या कारखान्यांच्या एकत्रीकरणातून ही कंपनी उभी राहिली. ब्रिटिश फौजेनं वेब्लीचं पहिलं मॉडेल १८८७ मध्ये स्वीकारलं. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, पॉइंट ४५५ बोअरचं मार्क सिक्स आलं. सहा इंची नळी आणि किलोभराहून जास्त वजन असलेलं ते धूड इंग्रजी चित्रपटांतल्या प्रत्येक साहेबाच्या कमरेला दिसतं. आबांचं त्याच घराण्यातलं, पण धाकटं आहे. चक्रावर आणि नळीवर मुकुटाखाली बारीक अक्षरं ठोकलेली आहेत. ती बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची. १८१३ पासून तिथे प्रत्येक नळीत जादा दाबाचा बार उडवून पाहतात आणि टिकली तरच शिक्का मारतात.

मला खिळवून ठेवलं ते मात्र घोड्याशेजारच्या एका खिटीनं.

बहुतेक रिव्हॉल्वरांत चक्र कुशीला बाहेर येतं. वेब्लीची पाठच मोडते. वरच्या बाजूला, घोड्याच्या अगदी पुढे, रिकिबीच्या आकाराची एक कडी असते. नळीच्या पट्टीचं मागचं टोक त्या कडीखाली अडकलेलं असतं. डाव्या बाजूची खिटी अंगठ्यानं दाबली की कडी मागे सरते आणि नळी व चक्र दोन्ही पुढच्या बिजागरीवर खाली झुकतात. झुकता झुकता चक्राच्या मधून एक चांदणी वर उठते आणि सहाच्या सहा काडतुसांना बुडाच्या कडांनी धरून बाहेर ढकलते. नळी आणखी खाली गेली की चांदणी खटकन आपल्या जागी बसते. मधे थांबायला जागाच नाही. घाईच्या वेळी झटकन रिकामं करता येतं, हा या रचनेचा फायदा.

आबांनी ते करून दाखवलं. आधी रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली. सहाही भोकांतून खिडकीचा उजेड पाहिला आणि मलाही पाहायला लावला. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात होती. मग खिटी दाबली. सत्तर वर्षांच्या त्या जोडात कुठे खरखर नव्हती, की ढिलाई नव्हती. कडी बसल्याचा आवाज एकच आणि भरीव. ही कडी झिजली की रिव्हॉल्वरचं आयुष्य संपत आलं, कारण बार उडताना नळी आणि मूठ यांच्या जोडावर येणारा ताण तिलाही पेलावा लागतो. आबांनी नळी आणि मूठ धरून हलकेच पिळून पाहिलं. काही हललं नाही.

पुढे त्यांनी चाप हळूहळू ओढून दाखवला. घोडा अंगठ्यानं धरून ठेवला होता, तो खाली आपटू दिला नाही. चाप मागे येतो तसा आतला एक पंजा चक्राच्या मागचा दात वर ढकलतो, चक्र एक घर फिरतं आणि खालून एक खुंटी त्याच्या खाचेत शिरून त्याला अडवते. घोडा सुटण्यापूर्वी चक्र नळीच्या नेमकं समोर येऊन थांबलंच पाहिजे. केसभर मागेपुढे झालं, तर गोळी नळीच्या काठाला घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. घोड्यामागे बळ असतं ते इंग्रजी व्हीच्या आकाराच्या एका चपट्या स्प्रिंगचं. जुन्या वेब्लीला नेमकी बसणारी असली स्प्रिंग आज इथे सहज मिळत नाही. मोडली तर जुन्या पोलादातून घासून, तापवून, तेलात विझवून करणारा कारागीर शोधावा लागतो. आणि परवानाधारक दुकानाबाहेरच्या माणसाकडून हत्याराची दुरुस्ती करून घेणं हा गुन्हा आहे. म्हणून रिकामा घोडा आपटून 'टकटक' करत पाहुण्यांना खेळ दाखवायचा नाही, हा आबांच्या घरचा जुना नियम.

निगा राखण्याचं त्यांचं शास्त्र ऐकताना लक्षात येतं, की त्यातला निम्मा भाग काही न करण्याचा आहे. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, कारण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात. वडिलांचं म्यान वेगळ्या खुंटीवर आहे, रिव्हॉल्वर सुती कापडात. तेल भरपूर घालायचं नाही. जास्तीचं तेल आतल्या सांध्यांत साचून चिकट होतं, धूळ धरतं आणि काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर बार फुसका जातो. बोटांनी पोलादाला शिवायचं नाही, आणि शिवलंच तर पुसल्याशिवाय ठेवायचं नाही. घामातल्या मिठानं एका पावसाळ्यात ठसा उमटतो. रुंदी न जुळणाऱ्या पेचकसानं स्क्रूला हात लावायचा नाही. स्क्रूची खाच चेंदलेली दिसली, की जाणकार ओळखतो, इथे कुणीतरी हौशी शिरला होता.

सगळ्यात मोठा मोह असतो नवं करून घ्यायचा. वेब्लीवर निळसर काळी झळाळी असते. पोलादावर मुद्दाम धरवलेला तो एक पातळ थर असतो. मुठीत आणि नळीच्या टोकाला तो उडून राखाडी झाला आहे. पुन्हा घासूनपुसून, नवी झळाळी चढवून रिव्हॉल्वर चकाचक करता येतं. पण घासताना शिक्के पुसट होतात, कडा गोल होतात आणि जुन्या वस्तूची किंमत त्याच दिवशी उतरते. आबांना हे कुणी शिकवलं नाही. वडिलांचा अंगठा जिथे टेकायचा तिथला रंग गेलाय, तो परत कशाला चढवायचा, एवढंच ते म्हणाले.

वर्षातून एकदा रीतसर परवानगीच्या जागी थोडे बार उडवायचे आणि त्याच संध्याकाळी नळी साफ करायची, हा बाकीचा अर्धा भाग. काडतुसांच्या बुडावर केएफ ही अक्षरं असतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. बर्मिंगहॅमच्या या यंत्राचं पोट पन्नासेक किलोमीटरवरच्या खडकीवर भरतं. हे नशीब पॉइंट ३२ बोअरचं. मोठी, फौजी वेब्ली निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना सामान्य माणसाला जवळपास मिळत नाही. आपल्या आयुध निर्माणीनं कानपूरला सामान्य परवानाधारकांसाठी रिव्हॉल्वर करायचं ठरवलं, तेव्हा नमुना म्हणून समोर ठेवलं ते याच मार्क फोरला. तीन इंची नळी, सहा घरं, पाठ मोडणारा तोच जोड आणि सातशे ग्रॅमच्या आसपास वजन. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' त्याच वंशातलं आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबळ'नं मात्र पाठ मोडणं सोडून चक्र कुशीला काढलं.

इथवरचा भाग आनंदाचा. पुढचा कागदांचा, आणि आबांच्या कपाटात रिव्हॉल्वरपेक्षा त्याची फाइल जाड आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी हत्यारं आयात करणं बंद झालं. त्याआधी आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन एवढीच देशात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती वस्तूच्या मूळ लायकीच्या कितीतरी पुढे गेल्या. नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनींचे पैसे आले, ठेकेदारी आली, कमरेला काहीतरी दिसावं ही हौसही आली. आबांकडे विचारणा करणारे येतात. त्यातला एक जण तर मोबाइलवर रील करायला मागत होता. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे आबांनी त्याला ऐकवलं आणि चहा न देता वाटेला लावलं.

त्याच दुरुस्तीनं आणखी दोन गोष्टी केल्या. परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षं झाली, हा दिलासा. आणि तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील, हे बंधन. ते वारशानं आलेल्या हत्यारालाही लागू आहे. आबांकडे वेब्लीशिवाय वडिलांची दुनळी आणि चुलत्यांची एकनळी होती. एकनळी जमा करावी लागली. तिचं पुढे काय झालं, हे विचारायला ते गेले नाहीत.

शिवाय निवडणुका आहेतच. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. आचारसंहिता लागली की छाननी समिती यादी काढते आणि नाव आलं की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून पावती घ्यायची. कायद्याच्या दृष्टीनं हे योग्यच, आबांनाही ते मान्य आहे. त्यांची काळजी वेगळी. जमा झालेली हत्यारं चिठ्ठी बांधून एकावर एक ठेवली जातात. तिथे कुणी कापड गुंडाळत नाही, कुणी तेलाचं बोट फिरवत नाही. पावसाळ्यात निवडणूक आली तर परत आलेल्या वस्तूवर तांबूस ठिपके दिसतात. म्हणून जमा करण्याआधी ते नेहमीपेक्षा जाड तेल लावतात, आतबाहेर, आणि पावतीवर नंबर स्वतः ताडून पाहतात.

शेवटचा प्रश्न वारसाचा, आणि सगळी निगा तिथे येऊन अडते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकानं सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की हयातीतच त्याला ते पसंतीच्या वारसाच्या नावे करता येतं. आबा दोन्ही अटींत बसतात. पण वारसाला स्वतःचा परवाना लागतो. त्यासाठी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा अहवाल, सुरक्षित ठेवण्याच्या जागेची हमी आणि जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. शिवाय बाकीच्या वारसांची संमती मागितली जाते. थोरला मुलगा पुण्यात राहतो. सोसायटीत असलं काही नको, असं त्याच्या बायकोचं म्हणणं, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. घरात लहान मुलं असताना रिव्हॉल्वर नको वाटणं हे शहाणपणच आहे. धाकट्याला हवंय, पण कशासाठी, याचं त्याचं उत्तर आबांना पटत नाही. मुलगी परदेशात आहे.

वस्तुसंग्रहालयाला द्यावं म्हटलं, तर तिथला रस्ताही सरळ नाही. पुरातन किंवा कालबाह्य हत्याराला कायदा परवान्यातून सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असावं लागतं. म्हणजे चालू वेब्ली शोभेची करायची, तर तिची नळी बुजवायची आणि ती कडी, ती चांदणी कायमची निकामी करायची. सत्तर वर्षं ज्याला गंज लागू दिला नाही, त्याला वेल्डिंगखाली घालायचं. विकायचं तर परवानाधारकालाच, किंवा दुकानदाराला. सरकारजमा केलं तर कायमचं गेलं.

मी या बाबतीत कायद्याच्याच बाजूचा आहे. हत्यारं कमी असावीत, मोजकी असावीत, प्रत्येकाचा हिशेब असावा. पण चालू हत्यार आणि बुजवलेलं लोखंड यांच्या मधली एखादी पायरी हवी, असं या घरातून निघताना वाटलं. काडतुसाशिवाय, कुलूपबंद, नोंदलेल्या संग्रहात यंत्र म्हणून शाबूत ठेवता येईल अशी. तसं झालं नाही, तर येत्या काही वर्षांत असली कित्येक रिव्हॉल्वरं मालकासोबतच संपतील, कारण सत्तरी गाठलेले परवानाधारक गावोगावी आहेत आणि त्यांच्या मुलांना ही जबाबदारी नको आहे.

आबांनी अखेर थोरल्या नातीचं नाव लावायचं ठरवलं आहे. ती महाविद्यालयात एनसीसीत होती, नेमबाजी शिकली आणि आता एकविसाव्या वर्षाची अटही पुरी करते. धाकट्यानं कुरकुरत सही दिली. मुलीचं संमतिपत्र तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायचं आहे. ते आलं की अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जाईल आणि मग पोलिसांची चौकशी सुरू होईल. चालू परवान्याची मुदत पुढच्या वर्षी संपते. अर्ज तोवर निकालात निघाला नाही, तर आबांना आधी स्वतःच्या नावानं नूतनीकरण करून घ्यावं लागेल, आणि त्याची फी त्यांनी आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे.